भुरी घमेल्यात का जाईना

सून घरात येऊन महिना होत आला होता, तेव्हा एका सकाळी तिच्या माहेरच्या नव्याकोऱ्या गादीवर परातीएवढा ओला डाग निघाला.

पुष्पलतानं तो आधी एकटीनंच पाहिला. हात लावला, हात नाकाशी नेला, आणि मग दाराशी येऊन हळूच म्हणाली, "आत्याबाई, जरा येता का? गादी ओली लागून राहिली."

सासू, जयवंता, पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच घेऊन ती मधल्या खोलीत आली. तिनं आधी वर पाहिलं. छपराचे कवेलू जागच्या जागी होते आणि चौऱ्याहत्तरच्या त्या डिसेंबरात पावसाचा थेंबही नव्हता. मग तिनं मुलाकडे पाहिलं. बळीराम फॅक्टरीत नोकरीला असलेला, मिशी फुटलेला बाप्या माणूस, खिडकीत आरसा टांगून दाढी करत होता. त्याच्याबद्दल एक शंका मनात आली ती तिनं आईच्या मायेनं तिथल्या तिथं पुरून टाकली. मग ती वाकली, वास घेतला आणि झटकन सरळ झाली. मांजराच्या मुताचा वास एकदा नाकात शिरला की डोक्यापर्यंत जातो.

"मांजराचं आहे," ती म्हणाली.

"भुरीचं?" सून म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण त्या एका शब्दात जयवंताला पुष्कळ काही ऐकू आलं.

भुरी म्हणजे जयवंताचं चार वर्षांचं मांजर. रंग राखेसारखा, डोळे पिवळे, आणि शेपूट अर्धी. उरलेली अर्धी नागपूरच्या धरमपेठेतल्या त्यांच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी नेली होती. तेव्हापासून भुरीनं अंगणाचा नाद सोडला तो कायमचा. मागच्या पडवीत फळीखाली एक जुनं लोखंडी घमेलं होतं. त्यात जयवंता चुलीची राख चाळून टाकायची. भुरी त्यात जायची, उकरायची, झाकायची आणि कोणाचं काही देणं नसल्यासारखी निघून यायची. चार वर्षांत तिनं घमेल्याबाहेर एक थेंब सांडला नव्हता. नवऱ्याला, चंपतरावांना, मोरीत नीट पाणी टाकायला शिकवता शिकवता जयवंताचे केस पिकले होते. भुरीला काही शिकवावंच लागलं नाही. हे ती चारचौघींत सांगायची.

आणि आता सुनेच्या गादीवर!

गादी उन्हात टाकली. खोबरेल तेलाच्या साबणानं डाग घासला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच गादी, तीच जागा. पुढच्या आठवड्यात चंपतरावांच्या घडी घातलेल्या धोतरावर. मग पुन्हा गादी.

जयवंताचं डोकं चालायला लागलं. ते एकदा चालायला लागलं की कोणाच्या बापाच्यानं थांबत नसे. घरात नवं काय आलं? सून आली. मांजर कधी बिघडलं? सून आल्यावर. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ही पडवीत उभी राहून घमेल्याकडे बघत काय म्हणाली होती? "आमच्या काटोलले मांजरं वावरात राह्यतात. घरात कोणी नाही ठेवत." तोंडावर पदर होता, त्यामुळे चेहरा कसा केला ते दिसलं नाही, पण जयवंतानं तो मनानं पाहून घेतला होता.

तारखेपुरती ती बरोबरच होती. बाकी सगळ्यात चुकली, पण ते नंतर.

शेजारच्या इंदुताई भिंतीवरून वाकून बोलायच्या. त्यांच्या नाकाला घरबसल्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या भाज्या कळायच्या, मग हा वास कळायला कितीसा वेळ.

"काय वं जयवंता, मांजरी बिघडली म्हणतात?"

"कोण म्हणते?"

"वासच म्हणते ना बाई." इंदुताईंनी आवाज खाली घेतला. "मुकं जनावर उगीच नाही बिघडत. कोणी तिच्या जागेवर तिले जाऊ देत नसंल. तू मंदिरात जाते तेव्हा घरात कोण राह्यते?"

"सून राह्यते."

"मंग झालं तर," इंदुताई म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे खाली गेल्या.

त्या दिवसापासून जयवंता मंदिरात जायची ती नुसती हात जोडून परत यायची. देवालाही तिचा हा घाईचा नमस्कार नवा होता. येताना फाटक वाजू देत नसे. आत येऊन पाहावं तर पुष्पलता कधी तांदूळ निवडत बसलेली, कधी पोथी वाचत, कधी भुरीकडे टक लावून पाहत. हे शेवटचं जयवंताच्या काळजात रुतायचं. अशी काय बघते ही माझ्या मांजराकडे?

एकदा पडवी फिनाइलनं पुसलेली सापडली. "वास येत होता म्हून पुसली," सून म्हणाली. जयवंतानं त्याच संध्याकाळी फिनाइलची बाटली तांदळाच्या डब्यामागे लपवली. वाटलं, सापडलं मूळ. पण बाटली डब्यामागे आणि भुरी गादीवर, असाच कारभार चालू राहिला.

आता या सगळ्यात एक गोष्ट सांगायला हवी, कारण जयवंताच्या वागण्याची उलटी बाजू तिथं होती. ज्या सुनेवर ती पहारा ठेवत होती, तिच्याच पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी ती जीव ओतून करत होती. सुनेच्या हातून वाण लुटायचं ते बाजारातून आणलेल्या फण्या-डब्यांचं नाही, घरच्या उटण्याचं, असं तिनं ठरवलं होतं. पुष्पलताच्या वडिलांची काटोलला संत्र्याची बाग. लग्न लागल्यापासून दर आठवड्याला एसटीच्या टपावरून संत्र्याची पेटी येत होती. संत्री घरात, गल्लीत, बळीरामच्या फॅक्टरीत, चंपतराव कामाला होते त्या सदर बाजारातल्या कापड दुकानात खाल्ली जात. साली मात्र जयवंता एकूण एक गोळा करायची. दिवसा अंगणातल्या बाजेवर वाळवायची. दहिवर पडायला लागलं तसं संध्याकाळी सुपं भरून पडवीत आणायची आणि फळीवर ओळीनं मांडायची. मग त्यात आंबेहळद, नागरमोथा, मुलतानी माती. खलबत्त्यात कुटताना ती मनात म्हणायची, बायकांनी विचारलं पाहिजे, पुष्पलते, हे कोणी केलं वं? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, अन् ही सांगणार आहे का तुझं नाव!

घरात वास राहू नये म्हणून तिनं आणखी एक युक्ती केली. वाळलेल्या सालींचा चुरा घमेल्याच्या राखेत मिसळला, आणि ओल्या साली घमेल्याभोवती कडेनं रचून ठेवल्या. पडवी कशी घमघमायला लागली. आपल्या डोक्याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात भुरीनं चंपतरावांच्या काळ्या कोटावर केलं.

तो कोट ते दिवाळीला, लग्नाला आणि मालकाच्या घरच्या कार्याला घालायचे. कोटाला बोटांच्या चिमटीत धरून ते अंगणात उभे राहिले आणि तिथूनच निकाल सांगितला. "बस झालं आता. संक्रांतीले नत्थू येते बेसावरून. त्याच्यासंगं हिले धाडून देऊ. पोत्यात टाकंल अन् घेऊन जाईल." नत्थूजी म्हणजे त्यांचे बेसा गावी शेती करणारे चुलतभाऊ.

"बेसाले? तिथं वावरात कुत्रे आहेत."

"वावरात नाही राहतील तर काय कोर्टात राहतील?"

"तिले शेपूट नाही पुरी," जयवंता म्हणाली. "पळताना तिचा तोल जाते. एका दिवसात फाडतील तिले."

चंपतराव कोट झटकत आत गेले. ते वाईट माणूस नव्हते, पण कापड दुकानात तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला कापडावरचा डाग माफ करता येत नाही.

भिंतीला टेकून जयवंता उभी राहिली. संक्रांत पुढ्यात आलेली. दाराच्या फटीतून तिला सुनेचा पदर दिसला. ही ऐकत होती. ऐकून खूश झाली असणार. मांजर काढायचं होतं, निघालं. आज मांजर, उद्या कोण?

तेव्हा तिनं रांगोळीचा उपाय केला. मंदिरात जाताना पडवीच्या उंबऱ्यावर चाळणीनं पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर टाकला. जो कोणी आत जाऊन घमेल्याशी काही करेल, त्याच्या पावलाचा ठसा उमटेल. परत आली तर ठसा होता. स्वच्छ, मोठा, अंगठा बाहेर काढलेला. तिनं तो ओळखला. तीस वर्षं तो मोरीतून ओला येत होता. चंपतराव दुकानातून जेवायला येऊन पडवीतल्या मोरीत हात धुवून गेले होते.

पण त्या रांगोळीनं भलतंच काम केलं. संध्याकाळी बळीराम आईजवळ येऊन उगीच घुटमळला.

"माय, पडवीत काय टाकलं होतं तू?"

"काय टाकीन? मुंग्या झाल्या होत्या."

"मुंग्याले रांगोळी?"

"मंग काय मुंग्याले साखर टाकू?"

"नाही म्हणजे," बळीराम कान खाजवत म्हणाला, "तिले वाटलं, काही... करणीबिरणी."

करणी! मी! म्हणजे जिच्यावर आपण पाळत ठेवतो, ती आपल्यावर ठेवून आहे. त्या रात्री जेवताना दोघी एकमेकींना वाढताना इतक्या गोड बोलल्या की चंपतरावांनी चमकून दोनदा वर पाहिलं.

*

भोगीच्या दिवशी दुपारी घरात दोघीच होत्या. दुसऱ्या दिवशी संक्रांत. नत्थूजी येणार. जयवंताला कळलं होतं की आता पकडलं तर आजच, नाहीतर भुरी गेली. ती मधल्या खोलीत चटईवर आडवी झाली आणि डोक्यावरून गोधडी घेतली, एका डोळ्यापुरती फट ठेवून. फटीतून पडवीचं दार, फळी आणि घमेलं नीट दिसत होतं. थोडं घोरलंही. घोरणं कसं असतं हे तिला शेजारून ऐकून पाठ होतं.

पलीकडे पुष्पलता आपल्या गादीवर, तोंडावर मासिक पालथं घालून. तिचाही श्वास संथ चालला होता. जरा जास्तच संथ.

भुरी चुलीजवळून उठली. आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे. जांभई दिली आणि पडवीकडे निघाली. जयवंता घोरणं विसरली, ते तिनं घाईनं पुन्हा सुरू केलं.

भुरी घमेल्यापासून वीतभर अंतरावर थांबली. नाक पुढं केलं. ओठ वर ओढला, जसा चंपतराव कडू काढ्याला ओढतात तसा. मग शिंकली. एकदा, पुन्हा एकदा. पुढचा पंजा उचलून पाण्यात पडल्यासारखा झटकला. घमेल्याला लांबून वळसा घातला, वर फळीवरच्या सुपांकडे पाहिलं, कान मागे पाडले. आणि उलटी फिरून, दोन झोपलेल्या बायकांच्या मधून, अगदी मानानं चालत, पुष्पलताच्या पायथ्याशी गादीवर चढली आणि उकरायला लागली.

आता कोणीतरी उठून तिला हाकलायला हवं होतं. पण जयवंता वाट पाहत होती, सून आता काय करते ते. आणि सून वाट पाहत होती, सासू आता काय करते ते. दोघींच्या या धीरामुळे भुरीला कसलीच घाई नव्हती. तिनं आपलं काम पुरं केलं, चादरीची सुरकुती ओढून त्यावर झाकली आणि निघून गेली.

मासिकाखालून आवाज आला. "आत्याबाई, तुम्ही जाग्या आहात?"

"नाही," जयवंता म्हणाली.

मग पुष्पलता उठून बसली. तिचे डोळे मोठे झाले होते. "तुम्ही पाहिलं ना? मी तिले हात नाही लावला."

"पाहिलं."

"तुम्ही पण नाही लावला."

"मी कायले लावीन वं?"

"मले वाटलं," पुष्पलता पायाची बोटं चोळत म्हणाली, "मी झोपली की तुम्ही तिले उचलून माह्या गादीवर आणून बसवता."

जयवंता गोधडीतून ताडकन बाहेर आली. "मी? माह्या हातानं? तुह्या गादीवर? मले काय दुसरे धंदे नाहीत?"

"मंग रांगोळी काहून टाकली होती?"

जयवंता उठली आणि पडवीत गेली. घमेल्याशी वाकली. राख कोरडी, आठवडाभर कोणी न उकरलेली. भोवती सालींची रास. तिनं वास घेतला. तिला तर छानच वाटला.

मागे पुष्पलता येऊन उभी होती. "आत्याबाई, आमच्या घरी पेट्या भरतात त्या खोलीत मांजर कधीच जात नाही. उंदीर फिरत राह्यते अन् मांजर दारात बसून बघत राह्यते. बाबा म्हणत, आळशी आहे." ती थांबली. "आता वाटते, तिले वासच सहन होत नसंल."

जयवंतानं फळीवर पाहिलं. सुपंच्या सुपं. मग घमेल्याकडे. ती राख तिनं स्वतः कालवली होती. आणि स्वतःची चूक सापडली की माणूस जे करतं तेच तिनंही केलं.

"तरी मी म्हणत होती," ती म्हणाली, "हे सारं तू आल्यापासून सुरू झालं. तुह्या बापाचीच संत्री आहेत."

"संत्री बाबाची," पुष्पलता म्हणाली, "पण साली तर तुम्ही ठेवल्या ना."

"कोणासाठी ठेवल्या? तुह्याच वाणासाठी!"

"माह्या वाणासाठी?"

"मंग काय माह्या? मले या वयात उटणं लावून कुठं जायचं आहे?"

पुष्पलताला खरंच माहीत नव्हतं. जयवंतानं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की कौतुक मागितल्यासारखं होतं. सून एक सूप खाली उतरवून त्यातल्या सालींकडे बघत राहिली. मग कमरेला पदर खोचून म्हणाली, "आधी हे सारं बाहेर काढू. मामाजी यायच्या आत."

दोघींनी सुपं, टोपली, डबे, सगळं भिंतीवरून इंदुताईंकडे दिलं. "काय वं, काय चाललं तुमचं?" त्या विचारत राहिल्या, त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. घमेलं गरम पाण्यानं दोनदा घासलं, उन्हात सुकवलं, चुलीतली नवी राख चाळून टाकली. गादी अंगणातल्या बाजेवर पसरली. पडवी साध्या पाण्यानं धुतली. मग दोघी भुरीची वाट पाहत बसल्या. भुरी मात्र घरातली ही धुणीपुसणी पाहून घाबरून कपाटावर चढून बसली होती आणि खाली यायचं नाव घेईना.

तेवढ्यात फाटक वाजलं. चंपतराव. आणि त्यांच्या मागे, एक दिवस आधीच, सायकलवर ऊस आणि तुरीच्या शेंगा बांधलेले नत्थूजी.

"म्हटलं उद्या सणाचा तमाशा कायले," चंपतराव म्हणाले. "आजच घेऊन जाईल तो." मग त्यांची नजर बाजेवरच्या गादीवर गेली. डाग अजून ओला होता. "हे पाहा! हे आजचं आहे का नाही?"

"आजचं आहे," जयवंता म्हणाली. "पण आयका तरी. ते सालींमुळं झालं. संत्र्याच्या. तिले तो वास चालत नाही. मीच घमेल्यात टाकल्या होत्या."

चंपतरावांनी नत्थूजींकडे पाहिलं आणि दोघं हसले. "अवं, संत्र्याचा वास नागपुरात कुठं नाही? मंग साऱ्या शहरातले मांजरं गाद्यांवरच मुतायला पाहिजेत."

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू गेला महिना काय काय पाहून राहिली, मले सारं ठाऊक आहे. फाटकातून चोरावानी येत जात होती. नत्थू, कपाटावर आहे पाहा."

नत्थूजी भला माणूस. त्यांनी जयवंतासमोर जरा मान खाली घातली. "वहिनी, फिकर नका करू. माह्याकडं तीनच कुत्रे आहेत. अन् त्यातला एक म्हातारा आहे."

"अन् दोन?"

नत्थूजींनी पोतं झटकलं. स्टुलावर चढून त्यांनी भुरीला मानेला धरलं. पंजा बसला, हातावर रेघ उठली, पण भुरी पोत्यात गेली. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. पोतं जमिनीवर हललं आणि आतून असा आवाज आला की जयवंतानं भिंतीला हात टेकला. बोलायचं होतं, पण महिनाभर केलेल्या हेरगिरीनं तिच्या शब्दाची किंमत घरात उरली नव्हती, हे तिला नवऱ्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मामाजी."

सगळे वळले. स्वयंपाकघराच्या दारात पुष्पलता उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली, हात दाराच्या चौकटीवर. लग्न झाल्यापासून ती सासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हती. चहा हवा की नको हेसुद्धा सासूच्या तोंडून जायचं.

"मामाजी, गादी माही आहे," ती म्हणाली. आवाज बारीक, पण तुटला नाही. "डाग माह्या गादीवर जास्ती पडले. मले चालते. भुरीले राहू द्या."

चंपतरावांची पंचाईत झाली. त्यांच्या घरात अशी रीत होती की सून तोंड उघडून पहिल्यांदा जे मागेल ते सासऱ्यानं मोडायचं नाही. म्हणून तर नव्या सुना ते पहिलं मागणं जपून ठेवत, साडी, शिवणयंत्र, दिवाळीला माहेर, असल्या कामासाठी. त्यांच्या भावजयीनं त्यावर वेगळी चूल मिळवली होती. चंपतरावांनी आढ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, खाकरले.

"कोटाचं काय मंग?" ते शेवटी म्हणाले, पण ते आढ्यालाच.

"कोट मी धुवून देईन."

"हं." चंपतराव आत जाता जाता म्हणाले, "सोड रे नत्थू. पोरीनं तोंड उघडलं. आता काय बोलणार?"

सुतळी सुटली. भुरी पोत्यातून निघाली ती थेट बाजेखाली.

*

ऊन उतरलं. नत्थूजी चहा पिऊन, हाताला हळद लावून बेसाला गेले. चंपतराव ओट्यावर ट्रान्झिस्टर लावून बसले. स्वयंपाकघरात दोघी तीळ भाजत होत्या. तीळ तडतडत होते.

पडवीतून खरखर ऐकू आली. राख उकरल्याची. जयवंताचा हात कढईवर थांबला. खरखर थोडा वेळ चालली, मग नीट, व्यवस्थित झाकल्यासारखी संपली. भुरी दारातून आत आली आणि कोणाकडे न पाहता चुलीशी जाऊन बसली.

जयवंताला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या मागोमाग जुनी सवय आलीच. ही पोरगी एवढं मोठं मागणं एका मांजरावर खर्च करते? महिनाभर आपण हिला पाण्यात पाहिलं, आणि ही आपल्या मांजरासाठी सासऱ्यासमोर उभी राहते? काहीतरी आहे यात. याच्या पोटात काहीतरी आहे.

"तू काहून बोलली वं?" तिनं विचारलंच.

पुष्पलता तीळ हलवत राहिली. "काहून म्हणजे?"

"शिवणयंत्र मागायचं होतं. माहेरी जायचं मागायचं होतं. बळीराम म्हणत होता, तुले क्वार्टर पाहिजे फॅक्टरीचं. मंग मांजरावर काहून घालवलं?"

"खरं सांगू?"

"मंग काय खोटं सांगशील?"

पुष्पलतानं कढई खाली उतरवली. पहिल्यांदाच तिनं सासूकडे सरळ पाहिलं. "भुरी गेली असती ना आत्याबाई, तर तिची आठवण आली की तुम्ही माह्याकडं पाहिलं असतं. दरवेळी. साली, वास, सारं विसरून. मले या घरात जन्म काढायचा आहे. मांजर परवडलं."

जयवंताच्या ओठांवर आलं होतं, छे वं, मी काय अशी आहे? चांगलं वाक्य होतं, आणि सासूनं म्हणावं असंच. पण समोरच्या डोळ्यांत इतकं स्वच्छ दिसत होतं की त्या डोळ्यांना ते खपलं नसतं. आणि तिला स्वतःलाही ते खपत नव्हतं.

"पाहिलं असतं," ती म्हणाली.

"मले माहीत होतं."

"बम पाहिलं असतं, पोटभर. अन् आताही पाहूनच राहिली आहे, सांगून ठेवते. तू साधी नाहीस."

"पाहा ना," पुष्पलता म्हणाली आणि गुळाची ढेप पुढं ओढली. "नाही कोण म्हणते? फक्त गोधडीतून नका पाहू. समोर बसून पाहा."

जयवंतानं हसू लपवायला पदर तोंडाशी नेला. मग तो तिथंच राहू दिला आणि गूळ चिरायला विळी पुढं घेतली.